खोकल्याची बदली

रेव्हरंड दानियेल आढाव वारले, पण त्यांचा खोकला राहेगावच्या चर्चमध्येच राहिला.

हे पहिल्यांदा कळलं ते शोकसभेत. मंडळीचे सेक्रेटरी लोंढे गुरुजी उपदेशाच्या लाकडी पुलपिटावर चढले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ख्रिस्तवासी पाळकसाहेबांचे आणि माझे इतक्या वर्षांत एकदाही मतभेद झाले नाहीत."

तेवढ्यात त्यांच्या मागून खोकला आला. आधी दोन बारके, मग एक खोल, छातीच्या तळातून ओढून आणलेला. साऱ्या मंडळीनं तो ओळखला. गुरुजींनी मागे वळून पाहिलं. तिथे भिंत होती आणि भिंतीवर क्रूस होता.

"एकदा झाले होते," गुरुजी म्हणाले. खोकला आला. "बरेचदा झाले होते," गुरुजींनी दुरुस्ती केली, आणि मग शांतता झाली.

कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. बायकांनी पदर सारखे केले. पाळकसाहेबांची पत्नी मार्थाबाई उठली, बाजूच्या पाळकनिवासात गेली आणि कोमट पाण्याचा पेला आणून नेहमीसारखा पुलपिटाच्या कडेला ठेवून पुन्हा सतरंजीवर बसली. नवरा खोकला की पाणी आणायचं, हे तिच्या पायांना पाठ होतं.

शमू मागच्या खांबाजवळ अॅम्प्लिफायर सांभाळत होता. पाळकसाहेबांचा हा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेल्यावर दादानंच त्याला वाढवलं होतं. सातवीत मास्तरांशी भांडून त्यानं शाळा सोडली आणि तेव्हापासून एसटी स्टँडसमोर पंक्चरचं दुकान चालवत होता. दादाच्या दफनाला आलेल्या पाहुण्या पाळकांनी, "देवानं आपल्या बागेतलं सुंदर फूल खुडलं," असं म्हणताच हा सगळ्यांदेखत ओरडला होता, "मग दुसऱ्याच्या बागेत जायचं होतं की!" आणि अर्ध्या दफनातून निघून गेला होता. नंतर तो कोणाशी धड बोलला नव्हता.

खोकला ऐकल्यावर तो सतरंज्या तुडवत, माणसांच्या गुडघ्यांवर पाय देत पुढे आला. पुलपिटाच्या खाली वाकला. आत खडीसाखरेची पुडी होती आणि एक कोळी होता.

"वहिनी, दादा आहे!"

"दादा नाही रे," मार्थाबाई म्हणाली. "खोकला आहे. दोघांत फरक असतो."

खोकल्याचा नियम लवकरच सगळ्यांच्या लक्षात आला. पुलपिटावर उभं राहून कोणी स्वतःला न पटलेलं बोललं, की तो यायचा. खाली सतरंजीवर बसून काय वाटेल ते बोला, त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे उपासना वेळेवर सुटू लागली. महिला मंडळाचा वार्षिक अहवाल 'आम्ही भेटलो आणि जेवलो' एवढ्यावर संपला. एका वरबापानं पुलपिटावरून, "आम्हांला काही नको, फक्त मुलगी द्या," असं सांगताना तीन वेळा खोकला आला, आणि मुलीच्या मामांनी तिथल्या तिथे बोलणी थांबवली. मामा आजही त्या पुलपिटाला हात लावून पुढे जातात.

पंच कमिटीची बैठक बसली. लोंढे गुरुजी नियमाचे पक्के.

"आधी हे ठरवा," ते म्हणाले, "की खोकला स्थावर आहे की जंगम. स्थावर असेल तर तो इमारतीबरोबर मोजायचा. जंगम असेल तर नव्या पाळकाला चार्ज देताना पेटी आणि प्रभुभोजनाचा पेला देतो, तसा द्यायचा."

"हलत नाही म्हणजे स्थावर," एक पंच म्हणाले.

"हलत नाही कसा? तो आला तेव्हा माझी टोपी हलली," दुसरे म्हणाले.

शेवटी बिशपसाहेबांच्या कार्यालयाला विचारलं. तिकडून उत्तर आलं की खोकला जंगम धरावा, आणि नवीन पाळक येईपर्यंत त्याची नीट निगा राखावी.

नवीन पाळक रेव्हरंड नोएल साळवे महिनाभरात आले. वय कोवळं, कोट करकरीत. किल्ल्या, पेटी, पेला, जेवणावळीची दोन मोठी पातेली आणि खोकला, एवढं त्यांनी लोंढे गुरुजींकडून ताब्यात घेतलं. खोकल्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. पहिली नेमणूक होती. सगळीकडे असतोच, असं त्यांना वाटलं असावं.

पहिल्या रविवारी ते पुलपिटावर उभे राहिले. "प्रियजनहो, राहेगावला नेमणूक झाली हे ऐकून मला अत्यानंद झाला."

खोकला.

साळवेंनी माईक बदलला. "एकदा मी विमानानं प्रवास करत होतो. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ..."

खोकला. पुढच्या रांगेतल्या दोघी पदराआड हसल्या.

साळवे घामाघूम झाले. गोष्ट तशीच अर्धवट सोडून त्यांनी पुढे रेटलं, आणि तासाभरानं म्हणाले, "आता शेवटचा मुद्दा सांगून मी थांबतो."

तेव्हा जो खोकला आला, तो इतका लांबला की पेटीचे सूर आपोआप घुमले. कारण शेवटच्या मुद्द्याला पोटमुद्दे चार होते, आणि ते कागदावर लिहिलेले पहिल्या रांगेला दिसत होते.

खांबाजवळ शमू हसला. दफनानंतर पहिल्यांदा. दादा घरी याच मुद्द्यावर रागवायचा. "पाळकाचा शेवटचा मुद्दा म्हणजे जावयाचा शेवटचा घास," म्हणायचा. हसता हसता शमूला हुंदका आला आणि त्यानं घाईघाईनं माईकचा आवाज वाढवला.

दर रविवारी असंच चाललं. साळवे खंगले. त्यांनी बिशपसाहेबांना विनवलं की एकतर मला हलवा, नाहीतर खोकल्याला. पण पाळकांच्या नेतृत्व विकास कार्यक्रमात साळवेंचं नाव घातलेलं होतं, आणि कार्यक्रमाच्या मध्ये कोणाला हलवता येत नाही, असा नियम होता. मग तिकडून त्यांच्यासाठी प्रशिक्षक आल्या. पुण्याच्या ग्लोरी पंडितबाई. पाळकांना घडवणं हाच त्यांचा वर्षानुवर्षांचा व्यवसाय. पायांत पांढरे बूट, हातात थर्मास, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे इतकं नीट बघायची सवय की माणूस आपली बटणं तपासायचा.

त्यांनी एका रविवारी मागे बसून सगळं ऐकलं. मग पंचांना थांबवून घेतलं आणि स्वतः पुलपिटावर उभ्या राहिल्या.

"गुरू म्हणतो, माझ्या मागून ये," त्या म्हणाल्या. "सल्लागार म्हणतो, इकडून जा. कोच यातलं काहीच म्हणत नाही. माणूस आपल्या वाटेनं चालतो, आणि ठेचकाळला की कोच एवढंच विचारतो, कुठे लागलं? बस. मी हे शिकायला फार वर्षं घालवली आणि अजून मला जमत नाही. मी मध्ये बोलते. हा खोकला मध्ये बोलत नाही. इतका संयमी कोच मी पाहिलेला नाही."

पंचांनी कान देऊन वाट पाहिली. खोकला आला नाही. लोंढे गुरुजींनी मान डोलावली, आणि खोकल्याची सहप्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली.

बुधवारी दुपारी शिकवण्या भरू लागल्या. चर्च उघडायला आणि पंखे लावायला शमू असायचा. पंडितबाई खाली सतरंजीवर बसत, साळवे पुलपिटावर.

"साळवे, तुम्हांला इथे काय साधायचं आहे?"

"मंडळीची आत्मिक उन्नती."

खोकला.

"काय साधायचं आहे?" बाईंनी त्याच सुरात विचारलं.

"तरुणांचं संघटन, विशेषतः..."

खोकला.

"काय साधायचं आहे?"

साळवेंनी छताकडे पाहिलं, शमूकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "लवकरात लवकर शहरात बदली."

पंखा फिरत राहिला. खोकला आला नाही.

"छान," पंडितबाई थर्मास उघडत म्हणाल्या. "आता कामाला सुरुवात झाली."

शमूला हे आवडायचं. बुधवारी तो दुकान बंद ठेवू लागला. दादा जणू कोणाला तरी शिकवतोय आणि आपण कोपऱ्यात बसून बघतोय, असं वाटायचं. लहानपणी दादा संडे स्कूल घ्यायचा तेव्हाही हा असाच कोपऱ्यात असायचा, उत्तर येत नसलं तरी हात वर करायचा.

पण एका रविवारी साळवे उपदेशात म्हणाले, "मी तुम्हां सर्वांसाठी रोज प्रार्थना करतो," आणि खोकला आला. एकच. अगदी बारका. शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असावं आणि त्याला उठवायचं नसावं, तसा. साळवेंनी बायबल मिटलं आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरू लागले. कोट घरीच ठेवला. कोणाची सून रुसली, कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कोणाचा मुलगा फोन उचलत नाही, सगळं ऐकू लागले. फिरत फिरत शमूच्या दुकानात आले आणि उलट्या टायरवर बसले.

"जय ख्रिस्त, शमू."

"जय ख्रिस्त. हवा भरायची का?"

"नाही. तुझ्यासाठी काय प्रार्थना करू, ते विचारायला आलो."

"करू नका," शमू म्हणाला.

"का रे?"

"तुम्ही खरंच रोज करायला लागलात, तर तो खोकायचा थांबंल."

समोरून एक एसटी धूर सोडत गेली.

"मग मी काय करू? खोटं बोलू?"

"थोडं थोडं बोला की," शमू म्हणाला. "पाळक आहात."

साळवेंना हसू आलं, पण शमू हसत नव्हता. पाण्याच्या टबात ट्यूब दाबून तो बुडबुडे शोधत होता, आणि त्या ट्यूबला पंक्चर नव्हतंच.

मग शमूनं आपल्या परीनं शर्थ केली. "इथल्या लोकांना ती विमानाची गोष्ट लई आवडली होती, साहेब, पुढं काय झालं म्हणून विचारतात," असं त्यानं साळवेंना सांगितलं. पुढच्या रविवारी साळवे म्हणाले, "ती विमानाची गोष्ट. मी विमानात कधी बसलो नाही. ती मी मोबाईलवर ऐकली होती. पुढे काय झालं ते मलाही माहीत नाही." मंडळी मोकळेपणानं हसली. खोकला आला नाही. शमूनं अॅम्प्लिफायरला लाथ मारली.

त्यानं लोंढे गुरुजींना पुलपिटावर पाठवून पाहिलं. "गुरुजी, मंडळीच्या उज्ज्वल इतिहासावर दोन शब्द बोला ना." गुरुजी विरघळले, पायरीपर्यंत गेले, मग त्यांना शोकसभा आठवली आणि ते फक्त सूचना वाचून खाली आले. कमिटीतल्या लोकांना खरं बोलायची सवय लागली होती. त्यांच्या घरची माणसं म्हणत, जेवण आवडलं नाही तर आता तोंडावर सांगतात. पण तो प्रश्न चर्चच्या कक्षेबाहेरचा होता.

खोकला विरळ झाला. मग एक सबंध उपासना खोकल्याशिवाय पार पडली. साळवे शेवटचा मुद्दा म्हणाले, आणि तो खरोखर शेवटचा होता. मार्थाबाईनं पाणी आणलं आणि ते तसंच परत नेलं. शमू मात्र सगळी माणसं गेल्यावरही पुलपिटासमोर बसून राहिला. "दादा," तो म्हणाला. "ए दादा." पण तो सतरंजीवर होता. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच सुमारास बिशपसाहेबांचा हुकूम आला. राहेगावच्या पाळकांचं प्रशिक्षण समाधानकारक पूर्ण झालेलं असल्यानं, खोकल्याची बदली शहरातल्या सेमिनरीत करण्यात येत होती. तिथे नवे पाळक तयार होतात. तिथे त्याची गरज अधिक होती. पंडितबाई त्याला न्यायला जीप घेऊन येणार होत्या.

"नेणार कसा?" कमिटीत कोणीतरी विचारलं.

"पुढची सीट मोकळी ठेवायची. मी मागे बसेन," बैठकीला आलेल्या पंडितबाई म्हणाल्या. "निरोप समारंभ करा. समारंभ संपताना तो शांत असला की कार्यमुक्त झाला असं धरायचं. पुढे रुजू होण्याआधी नियमाप्रमाणे त्याला काही रजा मिळते."

"खोकल्याला रजा कशाला?" लोंढे गुरुजींनी विचारलं.

"बदली झालेल्याला आवराआवर असते."

"त्याचं काय सामान असणार?"

"ते आपण ठरवायचं नसतं, गुरुजी."

प्रथेप्रमाणे घरचं कोणीतरी बोलणं भाग होतं. मार्थाबाई म्हणाली, "मी इतकी वर्षं पाणी दिलं, तेच माझं भाषण." राहिला शमू. तो म्हणाला, "मी येणारच नाही." मग म्हणाला, "येतो, पण बोलणार नाही." मग समारंभाच्या दिवशी दादाचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

पुलपिटावर शाल पांघरली होती आणि फुलांचा गुच्छ ठेवला होता. भाषणं थोडक्यात आटपली. लोंढे गुरुजी म्हणाले, "पाळकसाहेबांशी माझं पटत नव्हतं. मला ते फार आवडायचे." आणि रुमालानं डोळे पुसत खाली आले. साळवे म्हणाले, "मी यांना पाहिलं नाही. यांच्याइतकं मला कोणी ऐकलं नाही." दोन्ही वेळा खोकला आला नाही. मग शमूचं नाव पुकारलं.

तो आयुष्यात पहिल्यांदा पुलपिटावर चढला. लाकडावर एका ठिकाणी पॉलिश उडालं होतं. तिथे दादाचं कोपर असायचं. शमूनं आपलं कोपर तिथे टेकवलं. ते बरोबर बसलं नाही. दादाचा हात जाड होता.

"माझा भाऊ थोर माणूस होता," शमू म्हणाला.

खोकला. अगदी खांद्यामागे.

शमूनं डोळे मिटले. मंडळीत चुळबुळ झाली. त्यानं डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. गावातल्या कोणा हुशार माणसाला जे सुचलं नव्हतं, ते या अर्ध्या शिकलेल्या पोराला सुचलं होतं.

"माझा भाऊ सहा फूट उंच होता."

खोकला. दादा शमूच्या खांद्याला लागायचा. बायका हसल्या.

"त्याला गाता यायचं."

खोकला इतका जोरात आला की पेटी वाजवणारे काका हसून हसून पेटीवर आडवे झाले.

"त्याची मोटारसायकल कालव्यात मी घातली नव्हती." खोकला. "माझी दहावी झालीय." खोकला. "त्यानं मला एकदाही मारलं नाही." खोकला. "मी शाळा सोडली, तेव्हा तो मोरीत जाऊन रडला नाही." खोकला. "लग्नाआधी वहिनीला चिठ्ठ्या मी पोचवल्या नाहीत." खोकला, आणि मार्थाबाईनं तोंडाला पदर लावला.

मंडळी हसत होती, रडत होती. शमू थांबेचना. जीपच्या ड्रायव्हरनं दारातून डोकावून पाहिलं.

"शमू, बाळा," लोंढे गुरुजी खालून हळूच म्हणाले, "अजून किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत," शमू म्हणाला. "खोटं पुष्कळ आहे माझ्याकडं."

त्यावर खोकला आला नाही.

"मी बरा आहे," शमू म्हणाला. खोकला. "मला झोप लागते." खोकला. "मला जेवण जातं." खोकला. "मला राग नाही."

या खेपेला जो खोकला आला, तो आधीच्यासारखा नव्हता. तो सुरू झाला आणि संपेना. मध्येच चिरकला. मध्येच श्वास अडकल्यासारखा झाला. शेवटच्या दिवसांत दादा खिडकीचे गज धरून उभा राहायचा, तेव्हाचा तो खोकला होता. हसणं थांबलं. पेल्यातलं पाणी हिंदकळलं. मार्थाबाई उठून उभी राहिली होती, पण कोणाला पाणी द्यायचं, ते तिला कळत नव्हतं.

शमूनं पुलपिटाची कड घट्ट धरली. खोकला कसाबसा थांबला.

पंडितबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही.

"दादा," शमू शेवटी म्हणाला. "तू म्हणालास, धूळ आहे."

शांतता.

"उन्हाळाभर तेच म्हणालास. दवाखान्यात चल म्हणालो, तर म्हणालास, कशाला रे, सतरंज्यांची धूळ आहे. म्हणून मी सतरंज्या झोडपल्या. दर शनिवारी. दुकान बंद ठेवून. फरशी धुतली. जळमटं काढली. शिडी लावून पंखे पुसले. तरी तू खोकायचास. मला वाटायचं, कुठंतरी धूळ राहिली आपल्याकडून. मी पुन्हा झाडायचो."

त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"तुला माहीत होतं. मी झाडत होतो आणि तू इथं उभा राहून बघत होतास. शाबास म्हणालास एकदा. चर्च कसं लखलखतंय म्हणालास."

कुठेतरी पंख्याचं पातं कुरकुरलं. बाकी काही नाही.

"मला तुझा लई राग येतो," शमू म्हणाला. "थांब म्हणालो असतो. पण तुला त्रास होतो."

तो तसाच उभा राहिला. सगळी मंडळी श्वास रोखून ऐकत होती. खोकला आला नाही. आणखी थोडं थांबून पंडितबाई उठल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "कार्यमुक्त."

साळवेंनी छोटी प्रार्थना केली. शाल घडी करून जीपच्या पुढच्या सीटवर ठेवली. मार्थाबाईनं कोमट पाणी पंडितबाईंच्या थर्मासमध्ये ओतून दिलं आणि बजावलं, "घाटात लागतं त्याला." जीप गेली. पोरं पिंपळापर्यंत मागे धावली.

पुढच्या आठवड्यात पंडितबाईंचा लोंढे गुरुजींना फोन आला. सेमिनरीत खोकला अजून रुजू झालेला नव्हता.

"जीपमध्ये होता ना?" गुरुजींनी विचारलं.

"पुढची सीट सबंध रस्ताभर रिकामी होती," बाई म्हणाल्या. "म्हणजे असायला हवा."

"मग वाट पाहा," गुरुजी म्हणाले. "नियमात बसतं ते."

त्या शनिवारी शमूनं दुकान बंद ठेवलं. दफनानंतर त्यानं सतरंज्यांना हात लावला नव्हता आणि आता त्यांत खरोखरच धूळ साठली होती. त्यानं त्या अंगणात आणून तारेवर टाकल्या आणि काठीनं झोडपल्या. मार्थाबाईनं दुसरं टोक धरलं. मग फरशी झाली, खिडक्या झाल्या. सगळ्यात शेवटी तो फडकं घेऊन पुलपिटावर चढला आणि लाकूड पुसू लागला. पॉलिश उडालेल्या जागी त्याचा हात थांबला आणि तिथेच राहिला.

मार्थाबाई दारात सतरंजीची घडी घालत होती. तिनं वर पाहिलं.

"शमू, काय झालं रे? डोळे का असे?"

"काही नाही, वहिनी," शमू म्हणाला. "धूळ आहे."

मागून खोकला आला. दोन बारके आणि एक खोल.

शमूनं वळून पाहिलं नाही. मार्थाबाईनं हातातली घडी खाली ठेवली.

"रजा शिल्लक असेल," ती म्हणाली.

"किती असेल?"

"ते आपण विचारायचं नाही," असं म्हणून ती पाणी गरम करायला गेली.